लाल शाईचं काय करायचं?

एम.एस्सी.चा प्रकल्प असो, ‘आविष्कार’ स्पर्धेचं पोस्टर असो की पीएच.डी.चा प्रबंध, विद्यार्थ्याला संशोधनाची पद्धत शिकवतात, संदर्भ कसे द्यायचे ते शिकवतात, सांख्यिकीचा पेपरही असतो. गाइडनी लाल करून परत दिलेल्या पानांचं पुढे काय करायचं, हे मात्र कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं. ते सीनियरकडे बघून शिकायचं, आणि सीनियर तेव्हा स्वतःचीच लाल पानं घेऊन कॅन्टीनमध्ये डोकं धरून बसलेला असतो.

मी पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी आहे, काम भूजलावर. या कामात एक गोष्ट लवकर कळते. शेरा बरोबर आहे की नाही, याच्याइतकंच तो केव्हा मिळाला याला महत्त्व असतं. “पावसाळ्याआधीचे नमुने कुठे आहेत?” हे एप्रिलमध्ये कुणी विचारलं तर ती सूचना असते. तेच जुलैमध्ये विचारलं तर एक वर्ष गेलेलं असतं. म्हणून पुढची सगळी कृती दोन प्रश्नांभोवती बेतली आहे: हा शेरा नेमकं काय मागतो, आणि ते कधीपर्यंत देता येईल?

उदाहरण शेवटपर्यंत एकच घेऊ. समजा, तुमचा विषय आहे ‘एका गावातील विहिरींच्या पाण्यातील नायट्रेट: पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर’. तुमचा विषय वेगळा असेल तर ऋतूच्या जागी तुमचं वेळापत्रक घाला. कुणाला शाळेच्या सत्राप्रमाणे चालावं लागतं, कुणाला ऊसतोडीच्या हंगामाप्रमाणे, कुणाला वारीच्या तारखांप्रमाणे.

साहित्य

- एक शिवलेली, पानांवर क्रमांक घातलेली वही. सुटे कागद नकोत.
- शेऱ्यांची नोंद ठेवायला एक्सेलची एक शीट.
- वर्षाचं कॅलेंडर. विद्यापीठाच्या तारखा एका रंगात, शिवारातल्या कामाच्या दुसऱ्या.
- मसुद्याच्या जुन्या प्रती. फाइलच्या नावात तारीख हवी. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ अशी नावं नकोत.
- तुमचा विषय माहीत नसलेला, पण प्रश्न विचारायला न लाजणारा एक मित्र किंवा मैत्रीण.

कृती

१. पहिला नमुना घेण्याआधी शेरे मागा

बहुतेक विद्यार्थी सगळं काम आटोपून, टाइप करून, स्पायरल बाइंडिंग करून गाइडकडे जातात. तोवर विहिरी, वेळ आणि पैसे तिन्ही आटलेली असतात. त्याऐवजी सुरुवातीलाच एका पानाचा आराखडा लिहा. त्यात एवढंच: प्रश्न काय, कोणत्या विहिरी, त्या का निवडल्या, नमुने कोणत्या महिन्यात, काय काय मोजणार आणि त्यावरून काय सांगता येईल.

हे पान गाइडना दाखवाच, शिवाय सांख्यिकीच्या एखाद्या शिक्षकांना आणि लॅब असिस्टंटनाही दाखवा. लॅब असिस्टंटना कमी लेखू नका. स्पेक्ट्रोफोटोमीटर कधी बंद असतो, डिस्टिल्ड वॉटर कधी संपतं आणि टी.वाय.च्या प्रॅक्टिकल परीक्षा कोणत्या आठवड्यात आहेत, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. नायट्रेटचे नमुने थंड ठेवून ४८ तासांच्या आत तपासायचे असतात. शनिवारी संध्याकाळी गावातून बाटल्या आणल्या आणि सोमवारपासून लॅब परीक्षेला दिली असेल, तर ते नमुने वायाच गेले.

मत विचारताना “बघा ना सर, कसं वाटतंय?” असं विचारू नका. त्याला “बरं आहे” एवढंच उत्तर मिळतं. नेमके तीन प्रश्न विचारा:

- यातला सगळ्यात कच्चा दुवा कोणता?
- परीक्षक पहिला प्रश्न कोणता विचारतील?
- आत्ता सुटलं तर पुढे भरून काढता येणार नाही, असं यात काय आहे?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. “मे महिन्यातली पाण्याची पातळीही मोजून ठेव, नुसतं पाणी भरून आणू नकोस,” असं कुणी तेव्हा सांगितलं, तर फक्त एक टेप आणि थोडा वेळ लागतो. नोव्हेंबरमध्ये तेच कळलं, तर मेची पातळी कुठल्याही उपकरणाने मोजता येत नाही.

२. शेरा जसाच्या तसा उतरवून घ्या

मीटिंगमध्ये मान डोलावत बसू नका, लिहा. समोरच्याचे शब्दच लिहा. तुम्हाला त्यातून जो अर्थ लागला तो शेजारी, वेगळा. “डिस्कशन फार वरवरचं झालंय” हा शेरा. “मला काही येत नाही असं त्यांना वाटतंय” हा तुमचा अर्थ. रात्री अस्वस्थ करतं ते दुसरं वाक्य, आणि ते कुणीच म्हटलेलं नसतं.

प्रत्येक शेऱ्यापुढे तीन गोष्टी हव्यात: कोणी दिला, कोणत्या तारखेला, मसुद्याच्या कोणत्या प्रतीवर. तिसरी नोंद राहिली की पुढे घोळ होतो. गाइडनी जानेवारीच्या प्रतीतल्या पान १४ बद्दल सांगितलेलं असतं आणि तुम्ही मार्चच्या प्रतीतलं पान १४ दुरुस्त करत बसता.

मोघम शेरा तिथल्या तिथे फोडून घ्या. “अजून खोलात जा” याचे किमान तीन अर्थ होतात: विहिरी वाढवा, जास्त घटक मोजा, किंवा आहे त्याच आकड्यांचा जास्त विचार करा. पहिल्याला महिने लागतात, दुसऱ्याला पैसे, तिसऱ्याला दोन-चार दिवस. मग विचारा, “मॅडम, म्हणजे विहिरी वाढवू की आहेत त्याच आकड्यांचं खोलीनुसार विश्लेषण करू?” असं विचारणं म्हणजे उलट उत्तर देणं, अशी भीती आपल्याकडे अनेकांच्या मनात असते. माझा अनुभव असा की नेमका प्रश्न विचारलेला गाइडना आवडतो. त्रास होतो तो न विचारता भलतंच काम करून आणण्याचा.

त्याच दिवशी घरी आल्यावर चार ओळींचा मेल टाका: “आजच्या चर्चेत ठरलेले मुद्दे असे. काही राहिलं असल्यास सांगावं.” पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना तर हे फार उपयोगी पडतं. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीनुसार प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर सादरीकरण करून प्रगतीचा संक्षिप्त अहवाल द्यावा लागतो. प्रगती समाधानकारक नसेल तर समिती कारणं नोंदवून सुधारणा सुचवते, आणि त्या केल्या नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारसही करू शकते. मागच्या वेळी काय सुचवलं होतं आणि त्यावर आपण काय केलं, हे तुमच्या हातात लेखी असलं की पुढच्या सादरीकरणाला उभं राहणं सोपं जातं.

३. उत्तर द्यायच्या आधी एक दिवस जाऊ द्या

यावर फार लिहिण्यासारखं नाही. राग येतो, रडू येतं, त्यात गैर काही नाही. फक्त त्या अवस्थेत मेल पाठवू नका आणि विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही टाकू नका.

४. शेऱ्यांचे चार ढीग करा

इथे खरं काम सुरू होतं. लोक शेऱ्यांची मोठे-छोटे अशी वर्गवारी करतात. त्यापेक्षा ते पूर्ण करायला कुठे जावं लागेल, यावरून ढीग करा.

*टेबलावरचे:* बसल्या जागी होणारे. भाषा, संदर्भ, आलेखाच्या अक्षांची नावं, एककं, तक्त्यांची मांडणी. साम्य-तपासणीही यातच येते. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे पायऱ्या चढत्या आहेत. म्हणून ही तपासणी शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका.

*लॅबमधले:* राखून ठेवलेल्या नमुन्यावर किंवा जुन्या रीडिंगवर पुन्हा काम करून भागणारे. कॅलिब्रेशन पुन्हा तपासणं, ब्लँक चालवणं, जास्त गडद नमुना पातळ करून परत वाचणं. मात्र नायट्रेटसारख्या घटकाची मुदत संपली असेल, तर शीतकपाटात बाटली शिल्लक आहे याचा काही उपयोग नसतो.

*शिवारातले:* गावात परत जावं लागणारे, पण कधीही गेलं तरी चालणारे. विहिरीची खोली, कठडा आहे का, उकिरडा किती अंतरावर आहे, शौचालयाचा शोषखड्डा कोणत्या बाजूला आहे, लगतच्या शेतात कोणतं पीक असतं.

*ऋतूचे:* ठरावीक काळातच पूर्ण होऊ शकणारे. मेमधली पातळी, पहिल्या पावसानंतरचं पाणी, रब्बीला खत टाकल्यानंतरचे नमुने.

आता हे ढीग उलट्या क्रमाने हाती घ्या. आधी ऋतूचे, मग शिवारातले, मग लॅबमधले, शेवटी टेबलावरचे. आपली सवय नेमकी विरुद्ध असते. स्पेलिंग आणि स्वल्पविराम दुरुस्त केले की काम पुढे सरकल्यासारखं वाटतं, म्हणून आपण तिथून सुरुवात करतो. तेवढ्यात मृग लागतं, विहिरी भरू लागतात, आणि पावसाळ्यापूर्वीच्या नमुन्यांचा शेरा पुढच्या वर्षावर जातो.

५. प्रत्येक शेऱ्याला एक ओळ द्या

एक्सेलमध्ये सहा रकाने पुरतात: शेरा, कोणाचा, ढीग, काय करायचं, कधीपर्यंत, काय झालं. ‘काय करायचं’ या रकान्यात क्रियापद हवं. “नमुना-निवडीबद्दल” असं लिहिलं तर काहीच होत नाही. “विहिरी का निवडल्या ते दोन वाक्यांत लिहायचं, गावाच्या नकाशावर जागा दाखवायच्या” असं लिहिलं तर होतं.

शंभर शेरे असतील तर साठ-सत्तर एकाच दुखण्याचे असतात. “हे कशावरून?”, “पुरावा?”, “जोडणी दिसत नाही” असं दहा पानांवर दहा वेळा लिहिलेलं असेल, तर दहा वाक्यं सुटी-सुटी दुरुस्त करू नका. निष्कर्ष आकड्यांच्या पुढे पळाला आहे, हे ते दुखणं. सगळे निष्कर्ष एका कागदावर काढा आणि प्रत्येकापुढे त्याला आधार देणाऱ्या तक्त्याचा क्रमांक लिहा. ज्याच्यापुढे क्रमांक येत नाही, तो निष्कर्ष काढून टाका.

६. पटवून घेण्याआधी आणि नाकारण्याआधी तपासा

परीक्षक म्हणाले, “तुमचे नायट्रेटचे आकडे फारच कमी दिसतात.” यावर “नाही सर, बरोबर आहेत” हे उत्तर उपयोगाचं नाही, आणि “हो सर, बदलते” हे तर अजिबातच नाही. तपासायचं काय, याची यादी हवी.

पहिलं एकक. नायट्रेटचे आकडे दोन पद्धतींनी देतात: पूर्ण नायट्रेट म्हणून, किंवा त्यातल्या नायट्रोजनपुरते. दोहोंत सुमारे ४.४३ पटींचा फरक आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक, आयएस १०५००:२०१२, नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर देतं आणि त्यात सवलत नाही. ती पूर्ण नायट्रेटची मर्यादा आहे. नायट्रोजन म्हणून ती साधारण १० येते. म्हणजे तक्त्यातला १२ हा आकडा एका एककात निर्धास्त पाणी सांगतो आणि दुसऱ्या एककात पिऊ नये असं.

दुसरं, मोजण्याची पद्धत. अतिनील किरणांच्या पद्धतीत २२० नॅनोमीटरला रीडिंग घेतात, पण पाण्यात विरघळलेला सेंद्रिय पदार्थही तिथे प्रकाश शोषतो. म्हणून २७५ नॅनोमीटरला दुसरं रीडिंग घेऊन ते दुपटीने वजा करायचं असतं. पालापाचोळा पडलेल्या उघड्या विहिरीत हे विसरलं तर आकडा फुगतो. सेंद्रिय भाग फार असेल तर ही वजाबाकीही पुरत नाही. पद्धतच बदलावी लागते.

तिसरं, ब्लँक आणि दुहेरी नमुने. डिस्टिल्ड वॉटरची एक बाटली गावापर्यंत नेऊन इतर बाटल्यांसारखीच हाताळली होती का? दर दहा नमुन्यांमागे एक दुहेरी घेतला होता का? सगळे प्रमुख आयन मोजले असतील तर धन आणि ऋण आयनांची बेरीज जुळते का? फरक ५ टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक. त्याहून बराच जास्त असेल, तर परीक्षकांची शंका रास्त आहे.

ही यादी संपली की तुमच्याकडे मत उरत नाही, उत्तर असतं. “सर, आकडे नायट्रोजन म्हणून दिले होते, आता नायट्रेट म्हणून दिले आहेत, दुहेरी नमुन्यांचा तक्ता परिशिष्टात जोडला आहे.” परीक्षकांना एवढंच हवं असतं.

७. अडचण आली तर योजना बदला, पण नोंदवून

शिवारात योजना जशीच्या तशी कधीच पार पडत नाही. मेमध्ये विहीर आटते. मालक मुंबईला असतो आणि कुंपणाला कुलूप असतं. नोव्हेंबरच्या नमुन्यांच्या आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडतो. अशा वेळी सगळ्यात मोठा मोह म्हणजे शेजारच्या विहिरीचं पाणी भरून घ्यायचं आणि गप्प बसायचं.

ते का करू नये, हे आटलेल्या विहिरीच्या उदाहरणावरून बघा. समजा २० विहिरी निवडल्या आणि मेमध्ये ५ आटल्या. आता पावसाळ्यापूर्वी आणि नंतर अशी जोडी १५ विहिरींचीच उरली. पण ज्या आटल्या त्या सहसा उथळ असतात, आणि शेतातलं खत, उकिरड्याचं पाणी उथळ विहिरीत आधी पोचतं. म्हणजे नेमक्या धोक्यातल्या विहिरीच तुलनेतून गळाल्या. उरलेल्या १५ वरून “गावाचं पाणी ठीक आहे” असं लिहिलं, तर ते खोल विहिरींपुरतं खरं ठरेल, गावाबद्दल नाही.

म्हणून वहीत ‘आटली’ असं लिहा, तारीख आणि खोलीसह. तो रकाना रिकामा ठेवू नका. आटणं हीसुद्धा एक माहितीच आहे. शेजारची विहीर घेतलीच, तर तिला नवा क्रमांक द्या आणि जोडीच्या तुलनेत धरू नका. विश्लेषणात आटलेल्या विहिरींचे नोव्हेंबरचे आकडे वेगळे दाखवा. ते इतरांहून जास्त निघाले, तर तो तुमच्या अभ्यासातला एक चांगला निष्कर्ष असू शकतो.

योजनेतला प्रत्येक बदल तीन वाक्यांत लिहा: काय ठरलं होतं, काय झालं, त्याने निष्कर्षावर काय परिणाम होतो. हीच वाक्यं पुढे ‘अभ्यासाच्या मर्यादा’ या भागात जातात. मर्यादांचा भाग अनेक जण “वेळ व साधनांचा अभाव” असं लिहून उरकतात. कोणतीही विहीर न पाहता लिहिता येईल असं ते वाक्य आहे, आणि परीक्षकांना ते लगेच कळतं.

८. विहिरीच्या मालकाचा शेराही नोंदवा

संशोधनावर शेरे फक्त विभागातूनच येतात असं नाही. पाणी भरताना काठावर उभ्या असलेल्या काकू म्हणतात, “हे पाणी आम्ही पीतच नाही बाळा, गुरांना घालतो. प्यायचं त्या आडाचं.” एका वाक्यात तुमचा नमुना-निवडीचा तक्ता हलतो. कागदावर ती ‘पिण्याच्या पाण्याची विहीर’ असते. कुणी सांगतं की शेजाऱ्याच्या बोअरची मोटर चालू झाली की यांच्या विहिरीची पातळी खाली जाते. म्हणजे पातळी मोजताना मोटर चालू होती की बंद, हेही टिपावं लागेल.

म्हणून पहिल्या फेरीत बाटल्या कमी न्या आणि प्रश्न जास्त विचारा: पाणी कशाला वापरता, विहीर कधी आटते, गाळ शेवटचा कधी काढला, पाण्याला कधी वास येतो? परवानगी घेताना निकाल सांगायचं कबूल करा आणि खरंच सांगा. मानकापेक्षा जास्त नायट्रेट निघालं, तर तान्ह्या बाळाच्या दुधात ते पाणी वापरू नका आणि उकळून नायट्रेट जात नाही, एवढं तरी त्या घराला कळलं पाहिजे. उकळल्यावर पाणी कमी होतं आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं.

९. दोन शेरे एकमेकांविरुद्ध असतील तर

गाइड म्हणतात विहिरी वाढव, समितीतले दुसरे सदस्य म्हणतात विहिरी कमी कर आणि जास्त वेळा जा. दोघांनाही ‘हो’ म्हणून बाहेर येऊ नका. दोन्ही शेरे एकाच कागदावर लिहा आणि प्रत्येकाने मूळ प्रश्नाचं काय होतं ते मांडा. प्रश्न ‘गावात कुठे प्रदूषण आहे’ असा असेल तर विहिरी जास्त हव्यात. ‘ऋतूप्रमाणे काय बदलतं’ असा असेल तर फेऱ्या जास्त हव्यात. बहुतेकदा खरा वाद शेऱ्यांचा नसतो. तुमचा प्रश्नच नीट ठरलेला नसतो.

तो कागद आधी गाइडकडे न्या. “सर, मला दुसरा पर्याय योग्य वाटतो, कारण शीर्षकातच ऋतू आहेत. समितीला असं सांगितलं तर चालेल का?” असं विचारा. निर्णय त्यांच्याशिवाय घेऊ नका, आणि प्रस्ताव घेतल्याशिवाय त्यांच्याकडे जाऊही नका.

१०. ‘नाही’ म्हणायचं असेल तर दावा लहान करून म्हणा

काही सूचना बरोबर असतात, पण तुमच्या हातात नसतात. “नायट्रेट खतातून आलं की सांडपाण्यातून, ते नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून दाखवा,” हा असाच शेरा. ती तपासणी महाग आहे आणि त्यासाठीचं उपकरण प्रत्येक विद्यापीठात नसतं. “पैसे नाहीत” हे खरं असलं तरी शास्त्रीय उत्तर नव्हे.

त्याऐवजी आपण काय म्हटलं होतं ते आधी बघा. “युरियामुळे प्रदूषण झालं” असं लिहिलं असेल तर परीक्षकांनी पुरावा मागितला यात वावगं काही नाही. ते वाक्य असं करा: “उकिरडा व शोषखड्ड्याजवळच्या विहिरींत नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही जास्त आढळले, यावरून सांडपाण्याचा वाटा असण्याची शक्यता दिसते. स्रोत निश्चित करण्यासाठी समस्थानिकांची तपासणी लागेल.” अर्थात, तुमच्या तक्त्यात तसं दिसत असेल तरच. दावा लहान झाला की मागितलेला पुरावा आणि हातातला पुरावा जुळतात, आणि ‘नाही’ हा शब्द वापरायची वेळ येत नाही.

सांख्यिकीच्या शेऱ्यांनाही हेच लागू. १५ जोड्यांमध्ये एक-दोन विहिरींचे आकडे फार मोठे असतील, तर सरासरी त्यांच्याकडे झुकते. मध्यक द्या, त्याच विहिरींची दोनदा मोजणी असल्यामुळे जोडीची चाचणी वापरा, आणि आकड्यांचं वितरण फारच तिरकं असेल तर विलकॉक्सनची चाचणी बघा. चाचणीत फरक लक्षणीय निघाला नाही, तर तसंच लिहा. लक्षणीय फरक मिळेपर्यंत चाचण्या बदलत राहणं हा संशोधनातला अप्रामाणिकपणा आहे, मग ती सूचना कुणाचीही असो.

११. उत्तरपत्र लिहा

शोधनिबंध परत आला असेल तर उत्तरपत्र द्यावंच लागतं. प्रबंधासाठी किंवा प्रकल्पासाठी कुणी मागत नाही, तरी लिहा. मांडणी साधी ठेवा: शेरा जसाच्या तसा, खाली उत्तर, खाली बदल कुठे केला त्याचं पान.

> *शेरा:* विहिरींची निवड कशाच्या आधारे केली, हे स्पष्ट होत नाही.
> *उत्तर:* निवडीचे निकष (वापर, खोली, वस्तीपासूनचं अंतर) आता दिले आहेत आणि विहिरींच्या जागा नकाशावर दाखवल्या आहेत. मेमध्ये आटलेल्या विहिरी वेगळ्या खुणेने दाखवल्या आहेत.
> *बदल:* पान ११, परिच्छेद २, नकाशा १.

“मौल्यवान सूचनेबद्दल शतशः आभार” असं प्रत्येक शेऱ्याखाली लिहायची गरज नाही. सुरुवातीला एकदा पुरे. “योग्य तो बदल केला आहे” असंही लिहू नका. कोणता बदल, कुठे, ते लिहा. परीक्षकांकडे तुमच्यासारखे आणखी गठ्ठे असतात. त्यांना शोधायला लावलं की ते नवे शेरे शोधून काढतात.

‘आविष्कार’सारख्या ठिकाणी हेच तोंडी करावं लागतं, आणि पोस्टरपुढे परीक्षक थोडाच वेळ थांबतात. प्रश्न ऐका, मनात एकदा म्हणा, मग आधी थेट उत्तर द्या आणि कारण नंतर. उत्तर माहीत नसेल तर “हे मी मोजलेलं नाही, मोजायचं झालं तर असं मोजेन” हे पुरेसं चांगलं उत्तर आहे. परीक्षक पुढे गेल्यावर तो प्रश्न वहीत लिहा. पुढच्या फेरीत तो हमखास परत येतो.

१२. पुढची भेट मागच्या शेऱ्यांपासून सुरू करा

गाइडकडे नवं प्रकरण घेऊन जाण्याआधी जुनी शीट उघडा. “मागच्या वेळचे शेरे असे होते, एवढे पूर्ण केले, एवढे राहिले, हा एक मात्र ऑक्टोबरशिवाय होणार नाही,” असं सांगून मगच नवीन मसुदा द्या. याचे दोन फायदे. तेच शेरे पुन्हा मिळत नाहीत. आणि काही शेरे गाइड स्वतःच मागे घेतात, कारण मधल्या काळात काम पुढे गेलेलं असतं.

राहिलेल्या शेऱ्यांपुढे कारण आणि तारीख लिहा. तारीख नसलेला शेरा ‘बघू’ या सदरात जातो आणि तिथून परत येत नाही.

एवढं सांभाळा

- शेरा न समजता केलेली दुरुस्ती मूळ मजकुरापेक्षा वाईट असते. आधी विचारा.
- शेरे देणाऱ्याला खूश करण्यासाठी आकडे बदलू नका. मांडणी, भाषा, निष्कर्ष बदलता येतात, रीडिंग नाही.
- चुकीच्या रीडिंगवर व्हाइटनर लावू नका. एक रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि सही.
- शेऱ्याच्या नावाखाली अपमान, खासगी कामं किंवा तुमच्या कामावर दुसऱ्याचं नाव घालण्याचा आग्रह होत असेल, तर तो शेरा नव्हे. ही कृती त्यासाठी नाही; त्यासाठी विभागप्रमुख आणि विद्यापीठाची तक्रार निवारण समिती असते. अशा वेळीही तारखांसह ठेवलेली वही उपयोगी पडते.
- ज्यावर एकही शेरा आला नाही, ते प्रकरण उत्तम आहे असं समजू नका. बहुधा ते अजून कुणी वाचलेलं नसतं.

लवकर मिळालेला कठोर शेरा उशिरा मिळालेल्या कौतुकापेक्षा स्वस्त पडतो. म्हणून मसुदा पूर्ण व्हायची वाट बघू नका. जेवढं झालं आहे तेवढं एका पानावर लिहा आणि गाइडकडून भेटीची तारीख आजच मागून घ्या.